माझ्यावर आलेला आळ

माझी मालकीण गेल्याचे घरात कळले, तेव्हा मी न्हाणीघरातल्या दांडीवर ओलाच लोंबकळत होतो.

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नाही, छातीचा. पळणारी माणसे मला सदऱ्याच्या आत, बरगड्यांवर बांधतात. माझ्या आतल्या बाजूला दोन काळे रबरी तुकडे आहेत. ते हृदयाचे ठोके टिपतात आणि मिनिटाला किती पडतात ते मनगटावरच्या घड्याळाला कळवतात. मला एवढेच काम येते. तरी माझ्यावर खुनाचा आळ आला.

त्या सकाळी ती मला बांधून पळून आली होती. मला धुऊन वाळत टाकले आणि ती रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला गेली. दुपारी तिथेच, चादरींच्या ढिगाजवळ ती कोसळली. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला नीट समजावून सांगितले, की ती जागा जन्मापासूनच कमजोर होती, झोपेतसुद्धा फुटू शकली असती, पळण्याशी त्याचा संबंध नाही. त्याने मान हलवली. पण त्याच्या कानात काही शिरले नव्हते.

संध्याकाळी त्याची मोठी बहीण आली. रडून झाल्यावर ती म्हणाली, "मी हिला किती वेळा सांगितलं होतं! या वयात कुणी पळतं का? शरीराला इतकं दामटलं की ते एक दिवस सूड घेणारच."

हे मात्र त्याच्या कानात शिरले. तो उठला, मला दांडीवरून ओढले आणि हत्यारांच्या खणात फेकले. मग मुलीला म्हणाला, "तुझं मैदान आजपासून बंद."

मुलगी सतरा वर्षांची. वर्षभर आईच्या मागे मैदानावर जात होती. तो दिवस बोलण्याचा नव्हता.

आता माझी बाजू ऐका. मी एका कारखान्यात विणला गेलो, डब्यात बंद झालो आणि मैदानावरच्या प्रशिक्षकांनी मला तिच्या हाती दिले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बाई, तुम्ही रोज जीव काढून पळता. तसं नका करू. आठवड्यातले बहुतेक दिवस इतकं हळू पळा की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. एखाद्या दिवशी जोर लावा, पण मग खराखुरा लावा."

हळू पळणे सोपे असते असे तुम्हाला वाटेल. ते अवघड असते, कारण लोक बघतात. ठोक्यांचा आकडा ठरलेल्या हद्दीच्या वर गेला की घड्याळ टुणटुण करी आणि तिला चढावर चक्क चालावे लागे. कोपऱ्यावरचा सलूनवाला दारात उभा राहून ओरडायचा, "काय वहिनी, पळताय की वरात चाललीय? गोगलगाय पुढे जाईल हं!"

"जाऊ दे," ती म्हणायची, "तिला घाई असेल."

तिच्याबरोबरच्या दोघीजणींना हे पटले नाही. त्या रोज जोरात पळत राहिल्या आणि नडगीचे दुखणे घेऊन घरी बसल्या. ही हळूच पळत राहिली. काही महिन्यांनी तेवढ्याच ठोक्यांत ती जास्त लांब जाऊ लागली. पुढे चढावरही घड्याळ गप्प राहू लागले. तिचे हृदय आता एका ठोक्यात जास्त रक्त ढकलत होते, म्हणून त्याला कमी धावपळ करावी लागत होती. सकाळी ती अंथरुणात पडून नाडी मोजायची आणि नवऱ्याला हलवून सांगायची, "अहो, अजून दोनने उतरली." तो कूस बदलून म्हणायचा, "बंद पडेल एक दिवस." तेव्हा दोघेही हसायचे.

त्याच हृदयावर आणि माझ्यावर आता दोष आला. पाने आणि पकडींच्या मधे मी पडून राहिलो. अंगाला वंगण लागले. पण मी मनातल्या मनात एकच सांगत होतो, की मी तिला मारले नाही.

एका रविवारी मुलीने खण उघडला. मला धुतले, कोरडे पुसले आणि टेबलावर आईच्या घड्याळाशेजारी ठेवले. बाप काचा बसवण्याचे काम करतो. तो एक जाड तावदान घेऊन तीन मजले चढून आला आणि मला बघून दारातच थांबला.

"हा कशाला काढलास?"

"मला पळायचंय, बाबा."

"यानंच घात केला तिचा. आता तुझा करायचाय का?"

"बांधा मग. तुम्हाला काय करतो ते बघू."

तो इरेला पेटला. काच भिंतीला टेकवली आणि मला करकचून बांधले. मी घड्याळावर एकदा दोनशे दाखवले, लगेच तीस.

"बघ! ठार खोटारडा आहे हा."

"कोरडा बांधलात, बाबा. ओला केल्याशिवाय त्याला ठोके कळत नाहीत." तिने मला नळाखाली धरले, पुन्हा बांधले आणि म्हणाली, "आता खाली ठेवलेली दुसरी काच घेऊन या."

तो खाली गेला, दुसरी काच घेऊन वर आला. दारात पोहोचला तेव्हा आकडा एकशे अठ्ठावन्न होता.

मुलगी म्हणाली, "आई मैदानावर हळू पळायची तेव्हा एकशे तीसच्या वर जायची नाही. तासभर. तेही माझ्याशी बोलत."

"मी तर नुसता जिना चढलो," तो म्हणाला.

"तेच सांगतेय. तिनं शरीर दामटलं नव्हतं, हळूहळू घडवलं होतं. या घरात सगळ्यात दणकट हृदय तिचं होतं, बाबा. तुम्ही सगळे त्यालाच नावं ठेवताय."

तो काच धरूनच पायरीवर बसला. माणूस बसला की चढलेले ठोके उतरतात. त्याचा श्वास खाली बसला, पण ठोके उतरेनात. मला फक्त ठोके मोजता येतात. ते का उतरत नाहीत, हे मला कळत नाही.

पुढच्या आठवड्यात बहीण आली. मला दांडीवर बघून कपाळाला हात लावला. "पोरीला पुन्हा पाठवतोस? अरे, लोक काय म्हणतील?"

"ताई," तो म्हणाला, "ती पळण्यानं गेली नाही. हे या घरात पुन्हा बोलायचं नाही. तूसुद्धा नाही. आणि ज्याला म्हणायचंय त्याला वर पाठव, पट्टा बांधून तीन मजले चढून येऊ दे. मग बोलू."

मित्रांनो, मला वापरून झाल्यावर पाण्याने धुवा. घाम अंगात मुरला की मी कामातून जातो. बांधण्याआधी ओला करा. हळू पळायच्या दिवशी हळूच पळा, कोणी कितीही हसो. आणि गेलेल्या माणसाने जे मन लावून केले, त्यालाच त्याच्या मरणाचे कारण ठरवू नका. विचारा, मोजा, मगच बोला.

मुलगी आता रोज पळते. तिची घोडदौड चांगली चालली आहे, प्रशिक्षकांनी तिचे नाव शर्यतीसाठी दिले आहे. ती घरी आली की बाप आकडा विचारतो आणि मला स्वतः धुतो. पण तिला पळताना बघायला तो मैदानावर अजून एकदाही आलेला नाही.