एकच ठिपका

साहेबांनी हातातलं घड्याळ थांबवलं आणि काकांकडे न बघताच आकडा सांगितला.

"एकवीस सेकंद."

पडद्यावरचा ठिपका लाल झाल्यावर आठ सेकंदांत बटण दाबायचं, असा नियम होता. काकांचा हात अजून टेबलावरच होता. भिंतीपलीकडच्या बॉयलरचा दाब खरोखर वाढला नव्हता, ही नुसती चाचणी होती, म्हणून सगळे जागच्या जागी उभे होते.

"काका, रात्री झोप झाली नाही का?"

"झाली की."

"मग बघताय कुठे?"

"पडद्याकडेच बघतोय, साहेब."

आणि ते खरंच डोळ्यांत तेल घालून बघत होते. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या डिझायनरला खटकलं ते नेमकं हेच.

पडदा तिचा होता. भिंतीवरचं लोखंडी पॅनेल, त्यावरच्या दिव्यांच्या दोन रांगा, ही सगळी अडगळ काढून तिने प्रत्येक बॉयलरला एकच ठिपका दिला होता. ठीक असेल तर हिरवा, धोका असेल तर लाल. रंगचक्रावर समोरासमोर बसणारे रंग. चुकायला वावच नाही. चालकाला आठ तास बघत बसायचंय म्हणून दोन्ही छटा सौम्य, दोन्हींचा उजेड अगदी सारखा. ऑफिसात या समतोलाचं इतकं कौतुक झालं की बाईसाहेब आठवडाभर हवेतच होत्या.

काल याच पडद्यावर चार चालक पास झाले. काका काल एकदा चुकले आणि आत्ता पुन्हा. आता तिसरी आणि शेवटची खेप होती. तीत चुकले की काका गोदामात पोती मोजायला, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. साहेबांना तर जास्तच, कारण नोकरीची पहिली दोन वर्षं ते याच काकांच्या हाताखाली शिकले होते.

"तयार?"

"तयार."

ती आता ठिपक्याकडे नाही, काकांच्या डोळ्यांकडे बघत होती. डोळे ठिपक्याच्या वर गेले, मग खाली आले, पुन्हा वर गेले. वर काहीच नव्हतं, खालीही नव्हतं. तिने घाईघाईने लॅपटॉपचे रंग बंद केले आणि दोन्ही ठिपके शेजारी मांडले. काम हातावेगळं करण्याआधी हे करायचं असतं, तिने केलं नव्हतं. समोर दोन राखाडी ठिपके होते आणि त्यांत तसूभर फरक नव्हता.

"साहेब, थांबा! घड्याळ थांबवा."

"काय झालं?"

"चूक माझी आहे. रंग फार जवळचे निवडलेत मी. कुणीही गोंधळेल."

"मला तर लख्ख वेगळे दिसतायत. काल चौघांना दिसले."

"त्यांचं नशीब."

"हे तुमच्या ऑफिसला लेखी कळवावं लागेल मला. पुढच्या दोन कारखान्यांचं कामही तुमच्याकडेच आहे ना?"

"कळवा," ती म्हणाली. खोटं बोलण्यात ती कच्ची होती. आवाज नको तिथे चढला.

काका खुर्चीतून उठले.

"त्यांना कशाला बोल लावताय, साहेब? मला लाल-हिरवं कळतच नाही. लहानपणापासून."

साहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं.

"दरवर्षी डोळे तपासतात ना तुमचे?"

"तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतात. ती वाचतो."

"मग एकोणीस वर्षं ते जुनं पॅनेल कसं चालवलंत, काका?"

"वरचा दिवा लागला की धोका, खालचा लागला की ठीक. दिवे कधी जागा सोडत नाहीत."

तिने मान खाली घातली. अडगळ म्हणून जे काढलं होतं, त्याच्या आधारावर एक माणूस एकोणीस वर्षं इथे उभा होता आणि या खोलीत एकदाही अपघात झाला नव्हता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

साहेबांनी निकालाचा कागद पुढे ओढला. पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग छापील 'चालक' या शब्दावर काट मारून त्यांनी वर 'पडदा' असं लिहिलं आणि पुढे 'नापास'. कागद तिच्यासमोर सरकवला.

"सही करा. काकांच्या डोळ्यांचं मी वर कळवतो. पण आधी पडदा नीट होऊ दे."

संध्याकाळपर्यंत हा कागद तिच्या ऑफिसात पोचणार होता. पुढची दोन कामं बहुधा त्याच्याबरोबरच जाणार होती. तिने सही केली, पडद्यावरचा ठिपका पुसून टाकला आणि शेजारची खुर्ची काकांसाठी ओढली.

"सांगा, काका. वरचा कुठे हवा?"

काकांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी डोळे मिटले, हात उचलला आणि हवेत एका जागी बोट ठेवलं.