पुन्हा तोराच घ्याल का?

मित्रांनो, माझ्या नावावर जाऊ नका. नाव तोरा असलं तरी अंगात तोरा कधीच नव्हता. माझा जन्म जपानातला, आणि तिकडे तोरा म्हणजे वाघ. आता वाघाचं म्हणाल, तर गंजाचे पट्टे तेवढे आहेत अंगावर. मी एक म्हातारी पिकअप गाडी आहे. पुढे तिघांपुरती जागा, मागे उघडा हौदा, रंग मुळात पांढरा. राहते प्रशांत महासागरातल्या अतिऊ बेटावर, अकाइतीमावशीच्या अंगणात.

कारखान्यातून निघाले तेव्हा मला एका फुलवाल्याने नेलं. त्याच्याकडे कामं नाजूक होती. शेवंतीच्या जुड्या, लिलीच्या बादल्या, एवढंच ओझं. पुढे त्याने धंदा आवरला, मला विकलं, आणि मी जहाजात चढले. समुद्रात किती दिवस गेले ते मला सांगता येणार नाही. मी तळाच्या अंधारात होते.

अतिऊला जहाज काठापर्यंत येत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माल पडावातून प्रवाळाच्या कडेवरून आत आणतात. क्रेनने मला उचलून पडावात ठेवलं तेव्हा माझ्या चाकांखाली सगळं जग डुलत होतं. काठावर एक धिप्पाड बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती.

"अरे, सांभाळून! गाडी आहे माझी, नारळाचं पोतं नाही!"

"तुझी कुठली? अजून समुद्राची आहे ती," शेजारी उभा असलेला तिचा नवरा कायरांगी म्हणाला.

"तू गप्प बस आणि दोर धर."

पडाव एका मोठ्या लाटेवर चढला, सरकन उतरला आणि धक्क्याला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अकाइतीमावशीने पहिलं काम काय केलं असेल? घरून भरून आणलेलं गोडं पाणी माझ्या अंगावर ओतलं. "खारं पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही," ती मला म्हणाली. नवऱ्याला नाही, मला! मला तिथेच वाटलं, आता आपण घरी आलो.

मग जी वर्षं आली ती सांगायला लागले तर तुमची शाळा बुडेल. सकाळी कॉफीची फळं भरलेल्या टोपल्या, दुपारी अळकुड्यांची पोती, संध्याकाळी मावशीच्या गाणाऱ्या बायका. मावशी चर्चच्या गायनमंडळाची मुख्य. बायका फुलांचे मुकुट घालून हौद्यात बसल्या, की मी चालू व्हायच्या आधी गाणं चालू व्हायचं. चढ लागला की त्यांचा आवाज चढायचा आणि माझाही. लग्नात नवरी माझ्यातून गेली. आजारी माणूस दवाखान्यात माझ्यातून गेला, आणि बरा होऊन परतही माझ्यातूनच आला. एकदा नारळ पडून टपाला पोचा पडला. त्यात पावसाचं पाणी साचायचं आणि पाखरं येऊन ते प्यायची. मला ते फार आवडायचं.

बेटावर माझ्या आणखी काही बहिणी होत्या, सगळ्या माझ्याच बनावटीच्या, तोराच. आणि गंमत अशी, की त्यांच्या मालकांच्या तोंडी आमच्याविषयी एक बरा शब्द नसायचा. शेजारच्या गावचा मोकोरोआ तर रोज नव्या शिव्या शोधायचा. "गाडी नाही ही, शिक्षा आहे! क्लच दाबायला घोड्याचा पाय लागतो. खिडकी अर्ध्यावर अडकते. म्हणजे पाऊस आत येतो, पण वारा नाही!" असं म्हणत तो त्याच गाडीतून निघून जायचा.

हळूहळू माझं वय झालं. खारा वारा कुणाला सोडत नाही, मित्रांनो. पायाखालचा पत्रा इतका झिजला, की आत बसल्या बसल्या खालचा रस्ता दिसायचा. ब्रेक दाबला की मी थांबायचे, पण विचार करून.

अशातच रारोटोंगाहून, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या बेटावरून, विमानाने वाइने नावाची मुलगी आली. बाहेरून गाड्या मागवणाऱ्या दुकानात ती कामाला होती. पुढच्या जहाजातून कुठल्या गाड्या आणायच्या, ते तिला ठरवायचं होतं. तिने आमच्या सगळ्या मालकांना सभाघराच्या अंगणात जमवलं आणि सरळ विचारलं, "सांगा, पुन्हा तोराच घ्याल का?"

आम्ही बहिणी ओळीने उभ्या होतो. सगळं ऐकू येत होतं.

"मी?" मोकोरोआ पहिला उठला. "त्यापेक्षा मी चालेन. आणि मला चालायला आवडत नाही."

हशा पिकला. मग एकेकाला जोर चढला. कुणी माझ्या बहिणीच्या सायलेन्सरची नक्कल केली, कुणी दाराची. शेवटी कायरांगीकाका म्हणाला, "आम्हालाही नको. आम्हाला ती उंच गाडी पाठव, करड्या गाद्यांची, आपोआप खिडक्या उघडणारी." मावशी काहीतरी बोलणार होती. पण तिने माझ्या तळाच्या भोकाकडे पाहिलं आणि ती गप्प राहिली.

खरं सांगू? त्या दिवशी मला वाईट वाटलं. शिव्यांचं नाही, त्यांची सवय होती. मावशीच्या गप्प राहण्याचं.

उंच गाडी आली. काळीभोर, चकचकीत. मला ढकलत परसात नेऊन नीरफणसाच्या झाडाखाली उभं केलं. कोंबड्यांनी माझ्या हौद्यात घर केलं आणि एक वेल माझ्या आरशावर चढला. तिथून अंगण दिसायचं, तेवढाच विरंगुळा.

उंच गाडी बिचारी वाईट नव्हती. पण काकाचा जीव तिच्यात अडकला. चपला बाहेर काढायच्या. मासळी न्यायची नाही. ओली फुलं घालून बसायचं नाही, डाग पडतात. गाणाऱ्या बायकांना आत चढायला स्टूल लागायचं, आणि एकीने जरी पट्टा लावला नाही तर गाडी टिंगटिंग करायला लागायची. एका रविवारी अंगणातून निघतानाच बायकांनी गाणं सुरू केलं आणि ते टिंगटिंग मध्येच घुसलं.

"ही कोण बेसूर?" मावशी ओरडली.

"गाडी आहे," काका म्हणाला. "पट्टा लाव."

"लावलाय! माझ्या मांडीवरची टोपली तिला माणूस वाटतेय!"

आणि मग सुवार्तेचा दिवस जवळ आला. त्या दिवशी प्रत्येक गाव बायबलातली एक गोष्ट नाटक करून दाखवतं, आणि गावागावांत अशी चुरस लागते की सख्खे भाऊ एकमेकांना आपली तयारी सांगत नाहीत. आमच्या गावाच्या वाट्याला आली नोहाची गोष्ट. महापूर, तारू आणि जनावरांच्या जोड्या. मावशी आनंदाने घरी आली.

"कायरांगी, तारू करायला गाडी लागणार. दोन डुकरं, दोन बकऱ्या, कोंबड्या आणि नोहाचं सगळं कुटुंब."

काका उंच गाडी पुसत होता. त्याचा हात थांबला. "डुकरं? करड्या गाद्यांवर?"

"मग काय नोहाने त्यांना पोहत यायला सांगितलं होतं?"

"अगं, वास जाणार नाही वर्षभर! नाही म्हणजे नाही."

भांडण जुंपलं. शेवटी मावशी म्हणाली, "ठीक आहे. मी एक तोरा विकत घेते. सगळ्यांना नकोच आहे ना? आनंदाने देतील." आणि ती तरातरा निघाली.

संध्याकाळी परतली ती माझ्याच मागच्या फाळक्यावर येऊन बसली. कोंबड्या बाजूला झाल्या. काकाने विचारलं, "मिळाली?"

"एकही नाही!" मावशी म्हणाली. "दाराची नक्कल केली होती ना, तो म्हणाला, दार तसं आहे म्हणूनच चोर येत नाही. सायलेन्सरवाली म्हणते, त्या आवाजाशिवाय तिच्या नातवाला झोप लागत नाही. किंमत विचारली तर रागावतात रे! जसं काही मी त्यांची मुलगीच मागितली."

तेवढ्यात खडखडाट करत मोकोरोआ हजर. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती. खिडकी अर्ध्यावर अडकलेली, म्हणून त्याने त्या फटीतूनच तोंड काढलं. "अकाइती, माझी गाडी मागायला येणार होतीस म्हणे? आधीच सांगतो, मिळणार नाही."

"का? शिक्षा आहे ना ती?"

"माझी शिक्षा आहे. तुला कशी देऊ?" मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "शिवाय ती यंदा मासा होतेय. आमच्या गावाला माशाने गिळलेल्या योनाची गोष्ट आली आहे. कुणाला सांगू नकोस."

मावशी हसायला लागली. मोकोरोआ उतरला, माझ्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं. "फक्त पत्रा आणि ब्रेक गेलेत. इंजिन धड आहे हिचं. माझी पहिली तोरा रानात पडली आहे. तिचा पत्रा चांगला आहे. ने काढून."

"पहिली?" मावशीने डोळे बारीक केले. "म्हणजे तू तोरा दोनदा घेतलीस?"

"पहिली वाईट निघाली, म्हणून दुसरी घेतली."

"तीच गाडी?"

"दुसरी जरा बरी निघेल असं वाटलं," मोकोरोआ म्हणाला. आणि हे बोलताना त्याचा हात नकळत माझ्या टपावर थोपटत होता.

दुसऱ्या दिवशी रानातून पत्रा आला, ब्रेक आले, एक हिरवं दारही आलं. गावातले लोक जमले. वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या, कोंबड्यांनी निषेध केला. पहिला दिवस काका लांबून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याला राहवेना. "असा नाही धरायचा तो पाना, बाजूला व्हा," असं म्हणत तो माझ्याखाली शिरला आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आला नाही. मावशीने त्याला तिथेच जेवण सरकवलं.

किल्ली फिरवली. मी खोकले. पुन्हा फिरवली. मी काळा धूर सोडला आणि धडधडायला लागले! त्या आनंदाचं वर्णन मला येत नाही, मित्रांनो. एवढंच सांगते, मावशीने काकाच्या काळ्या झालेल्या गालाचा मुका घेतला आणि तिचंही तोंड काळं झालं.

सुवार्तेच्या दिवशी मी तारू झाले. दोन्ही बाजूंना नारळाच्या झावळ्या, टपावर लाकडी घर, त्यात दाढी लावलेला कायरांगीकाका, कारण नोहा व्हायचा हट्ट आता त्याचाच होता. हौद्यात डुकरं ओरडत होती, बकऱ्या झावळ्या खात होत्या, म्हणजे तारू वाटेतच संपत चाललं होतं. बायका मागून गात होत्या. आणि आमच्यापुढे एक भलामोठा निळा मासा चालला होता, त्याच्या जबड्यातल्या अर्ध्या उघड्या खिडकीतून मोकोरोआ "वाचवा, वाचवा" ओरडत होता. मैदानात शिरताना एक डुक्कर उडी मारून पळालं. नोहा दाढी सांभाळत त्याच्यामागे धावला. लोक हसून हसून खाली बसले.

बक्षीस मिळालं तिसऱ्याच गावाला. त्यांच्याकडे गाडीच नव्हती, नुसते सुरेख गायले. मावशीने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

वाइनेही तो दिवस बघायला आली होती. केळीच्या पानावर जेवण चाललं असताना ती म्हणाली, "मला तर सगळ्यांनी सांगितलं होतं, तोरा नको म्हणून. म्हणून मी नाव खोडलं."

"खोडलंस?" मोकोरोआ घास टाकून उठला. "विचारलं तेव्हा माणूस बोलतो काहीही! मिळेल तिथून आण. माझ्या जावयाला एक हवी आहे."

"आणि तुम्हाला, मावशी? पुन्हा घ्याल?"

"दुसरी कशाला? माझी आहे ना," मावशी म्हणाली.

काका दाढी काढून शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "आणि मला? मला घेशील का पुन्हा?"

"तुला?" मावशीने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आवाज फार, चढावर दम लागतो, आणि सांगितलेलं ऐकू येत नाही." मग आपल्या पानावरचा मोठा मासा उचलून तिने त्याच्या पानावर ठेवला. "खा आता. सकाळपासून डुकरामागे धावतोयस."

उंच गाडी आता विमानतळावर पाहुण्यांना आणायला जाते. तिथे तिचं कौतुक होतं आणि तिचं बरं चाललं आहे. डुकरं, कॉफी आणि गाणं मात्र माझ्याकडे आहे. एक दार हिरवं, बाकी अंग पांढरं, असा माझा थाट आहे.

मित्रांनो, तुमच्याही दारात एखादी जुनी सायकल असेल, घरात जुना पंखा असेल, किंवा रोज ज्याला नावं ठेवता असं काहीतरी असेल. ते पुन्हा घ्याल का, असं स्वतःला विचारू नका. त्याला तुम्ही हसून काहीही उत्तर द्याल. त्याऐवजी मनात आणा, की कुणीतरी दारात उभं आहे आणि म्हणतंय, देऊन टाका हे मला. मग तुमचा हात कुठे जातो ते बघा. तो जिथे जाईल, तिथलं धुऊन पुसून घ्या, तेल घाला, आणि हे आजच करा.

आता रजा घेते. बायका फाटकातून आत येताहेत, त्यांनी गायला सुरुवातही केली आहे, आणि मी अजून चालू झालेले नाही.