आतून कडी

कडी पितळेची, तळहाताएवढी, टोकाला वेलीचं वळण… आणि वजन असं, की हातात घेतल्यावर मनगटाला कळावं, काहीतरी धरलंय. मनवानं ती काउंटरवरच्या नमुन्याच्या फळीवर कोयंड्यात सरकवली, पुन्हा काढली, पुन्हा सरकवली — आवाज तोच, जाडसर, पोटातून आल्यासारखा. दार लागलं, असं सांगणारा.

हा आवाज शोधायला एक आर्किटेक्ट बाई महिनाभर दुकानात येत होत्या. लोअर परळच्या या दुकानात मिळतं काय तर कड्या, मुठी, नळ, बिजागऱ्या. पण ते मांडलेलं अशा थाटात, की नवं गिऱ्हाईक चपला बाहेर काढू का म्हणून बघतं. बाई डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि मनवा एकेक कडी लावून दाखवायची. ही नको, खटकन वाजते. ही नको, देवळातली वाटते. हिचा आवाजच नाही, मग लावली काय नि नाही काय! अलिबागच्या पुढे, नारळी-सुपारीच्या वाडीत सहाच खोल्यांचं हॉटेल बांधत होत्या त्या. नाव 'निवळ'. टीव्ही नाही, गाणी नाहीत, भिंती चुन्याच्या, आणि खोलीतून समुद्र दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. "माणूस आत गेला, कडी लावली, की जग बाहेर राहिलं पाहिजे," असं बाई म्हणाल्या होत्या, आणि मनवाला मनातल्या मनात हसू फुटलं होतं. श्रीमंतांचे चोचले! आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत दाराला कडी आहे ती रात्री जेवणं आटोपल्यावर लागते आणि दूधवाल्याच्या आधी निघते. मधल्या वेळात लावून बघा… गॅलरीतनं तिघीजणी विचारून जातील, काय गं, कोण आजारी आहे का?

हसू आलं होतं खरं. पण त्या रात्री माळ्यावर आडवी झाल्यावर तो आवाज कानातून जाईना. जग बाहेर. आत मी आणि वैभव. बस.

मला काय हवंय ते कुणाला सांगितलं तर लोक भलतंच समजतील. ते तर हवंच आहे, लग्न झालंय माझं, लाजायचं काय त्यात. पण त्याहूनही मला नवऱ्याशी मोठ्यानं बोलायचंय. चार वर्षं झाली, वैभवचा खरा आवाज मला पुलावर नाहीतर स्टेशनच्या गर्दीत ऐकायला मिळतो. घरात असतो तो कुजबुजीचा वैभव. खोली एक, वर लाकडी माळा, माळ्यावर आम्ही आणि खाली आई — त्याची आई, लग्नानंतर माझीही. आई घोरतात. पडल्या की पाचव्या मिनिटाला सुरू. आणि आम्ही त्या घोरण्याच्या आडोशानं बोलतो, घोरणं चढलं की दोन वाक्यं, थांबलं की आम्हीही चिडीचूप. मी त्याच्याशी एकदाही धड भांडलेली नाही. भांडण कुजबुजून होतं का कधी? राग येतो, तो गिळायचा, कूस बदलायची… कूस बदलली की फळी करकरते, मग तीही बदलायची नाही. मनसोक्त भांडायचंय मला, भांडी आपटून, आणि मग हसायचंय, खदाखदा.

तर हॉटेलवाल्यांनी खुशीनं एक कूपन पाठवलं. मालकांना, म्हणजे हितेंद्रभाईंना. आणि त्यांनी ते मनवाच्या पुढ्यात सरकवलं. "ही कडी तू शोधली, मी नाय शोधली. तूच जाऊन ये नवऱ्याबरोबर. दोन रात, दोन माणूस." किती दिवसांनी कुणी तिला 'दोन माणूस' असं मोजलं होतं! संध्याकाळी पुलावर, बसच्या हॉर्नमध्ये, तिनं वैभवला ओरडून सांगितलं आणि तो चक्क नाचला, भर फुटपाथवर. त्या वैभवबरोबर जायचं होतं तिला.

आणि त्याच वैभवनं रविवारी माती खाल्ली.

जेवताना. आई तव्यावरची भाकरी उलटत होत्या आणि हा पाण्याचा घोट घेऊन, अगदी सहज म्हणाला, "आई, पुढच्या शनिवारी आपण अलिबागला जातोय. दोन दिवस."

आपण.

मनवाचा घास हातातच राहिला. आईंनी भाकरी तशीच धरून मागे पाहिलं, वाफेनं चेहरा ओला झालेला, आणि त्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते बघवेना. "आपण? इश्श, माझं काय काम…" म्हणाल्या, आणि लगेच, "खोलीतनं समुद्र दिसतो काय रे?" वैभवनं मनवाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. "ऐकू येतो," म्हणाला गाढव.

मराठी शाळेत दुसरीतलं पोरसुद्धा सांगेल. 'आम्ही'त समोरचा धरत नाहीत, 'आपण'मध्ये धरतात. साधा शब्द, पण एका शब्दानं खोलीत माणूस वाढतं. "तोंडातनं निघून गेलं गं," रात्री घोरण्याच्या आडून त्याची कुजबुज. "आपण म्हणजे आपण दोघं, असंच होतं मनात." — मग 'आम्ही' म्हणायचं! — "सवय नाही ना." हे मात्र खरं बोलला. एकुलता एक, बाप लवकर गेलेला, याच खोलीत वाढला. याच्या जिभेला 'मी' माहीत आहे, 'आपण' माहीत आहे, 'आम्ही' कधी लागलंच नाही त्याला. आणि मी इतकी वर्षं नेमकी त्याच शब्दाची वाट बघत बसलेय. कधीतरी हा आईसमोर उभा राहून म्हणेल, आई, आम्ही… पुढे काहीही म्हणू दे. आम्ही सिनेमाला चाललोय. आम्ही उपाशी आहोत. काहीही.

"तू सांग ना त्यांना. तू नीट सांगशील," हेही वर. म्हणजे वाईट कोण? सून. रीतच आहे.

आज गुरुवार, आणि परवा शनिवार. दुपारी डबा तसाच ठेवून तिनं हॉटेलला फोन केला होता, शेवटचा प्रयत्न म्हणून — तिसरं माणूस चालेल का हो, वयस्कर आहेत, शांत आहेत, कोपऱ्यात गादी टाकली तरी… पलीकडचा मुलगा इतक्या गोड आवाजात बोलला की रागही येईना. खोलीत दोघंच, मॅडम, आमचा नियमच आहे. आणि बाकीच्या पाचही खोल्या भरल्यात. म्हणजे आज सांगायलाच हवं, नाहीतर आपल्या हातानं कूपन परत करायला हवं. तिनं कडी पुन्हा कोयंड्यात सरकवली… तोच जाडसर आवाज. नाही, सोडणार नाही मी. एकदा. एकदाच. कुणाचं काय लुटते आहे मी?

पूल चढताना ती वाक्यं घोळवत होती. आई, रागावू नका हं… नको, आधीच राग कशाला सुचवायचा? आई, त्याचं काय झालं, तिथं जागा कमी… भिकाऱ्यासारखं वाटतं. आई, आम्ही दोघंच जातोय. बस, सरळ, एवढंच. चार शब्द. पण ते चार शब्द आले की लगेच आईंची तयारी डोळ्यांपुढे येई. सोमवारी भाजून ठेवलेला रवा, लाडवांसाठी. माळ्याच्या शिडीखालून काढलेली, पुसून ठेवलेली रेक्झिनची बॅग. आणि मंगळवारी गॅलरीत शेजारच्या नलूमावशींना सांगत होत्या, मान वाकडी करून, तोऱ्यात, "आम्ही शनिवारी नाही हं घरी. आम्ही अलिबागला चाललो." त्या 'आम्ही'त नलूमावशी नव्हत्या. मी होते. मी मोरीत तांदूळ धूत उभी होते, आणि मला इतका राग आला होता की तांदूळ पाण्याबरोबर वाहून गेले. माझा शब्द! मला मिळायच्या आत त्यांनी उचलला.

जिना चढून वर आली तर गॅलरीत नलूमावशी, कमरेवर हात. "मनवा, बरं झालं आलीस. सासू केव्हाची दार लावून बसलीय. हाक मारली तर म्हणते, बरी आहे. बरी आहे तर दार कशाला लावायचं?"

दार खरंच बंद होतं. दिवसाउजेडी. निळ्या रंगाचे पापुद्रे सुटलेलं आपलंच दार तिनं असं बाहेरून, मिटलेलं, कधी बघितलंच नव्हतं. तिनं थाप मारली. "आई, मी."

आत लोखंडी कडी करकरली. दार बोटभर उघडलं, आईंनी तिला हाताला धरून आत ओढलं आणि कडी पुन्हा घातली. "हसशील तर बघ हं," म्हणाल्या.

आईंनी पंजाबी ड्रेस घातला होता. मोतिया रंगाचा, लालबागच्या मार्केटातला, मानेपाशी दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती. आयुष्यभर पाचवारीत वावरलेली बाई, ओढणी कुठे टाकायची ते न कळून दोन्ही हातांत धरून उभी. "तिथं साडी नेसून कुठे वाळूत… म्हटलं बघू घालून. दार लावल्याशिवाय कसं घालायचं? म्हणून लावलं." मग खाटेवर बसत म्हणाल्या, "आणि गो, घालून झालं तरी उघडवेचना. अशीच बसले. कोण येत नाही, कोण बघत नाही… लग्न होऊन आले त्याला किती वर्षं झाली, या खोलीत दिवसा कडी लावून मी एकटी कधी बसलेच नव्हते. इतकं बरं वाटलं, काय सांगू तुला."

मनवानं तोंड उघडलं. आई, आम्ही दोघंच… एवढंच. आता.

"मी काय म्हणते," आईंनीच आवाज खाली आणला, "तिथं मला वेगळी खोली मिळेल काय गो? लहान असली तरी चालेल. तुम्ही तुमचं बोला, हसा, भांडा. मला मेलीला दोन रात्री तरी घोरायला नको."

"घोरायला नको म्हणजे?"

"मग काय करू? तुम्ही वर पोरं जीव मुठीत धरून बोलता. मी जागी आहे कळलं तर बोलाल काय? म्हणून घोरते झालं." आणि ओढणीत तोंड लपवून हसल्या. "घसा धरतो गो सकाळी."

सगळ्या रात्री… सगळ्याच? त्या पहिल्या गणपतीनंतरची रात्र, माझं रडणं थांबत नव्हतं आणि खाली घोरणं एकदम चढलं होतं. मी वैभवच्या कानात म्हणाले होते, बघ, हिला काही पडलंय का! आणि सकाळी गरम पाण्याची गुळणी, रोज, मोरीपाशी. आम्ही म्हणायचो, वय झालं. अंधारात डोळे सताड उघडे ठेवून ही बाई आमच्यासाठी भिंत होत होती. मनवाला हसू आलं, रडू आलं, लाज तर अशी वाटली की पायाखालची फरशी दुभंगावी. आणि तरीही… तरीही ती खोली हवीच होती तिला, ती पितळी कडी, तो आवाज, मघापेक्षाही जास्त हवा होता, आणि आता समोर बसलेल्या या मोतिया ड्रेसमधल्या बाईलाही तोच हवा होता, तितकाच, आणि खोली एकच होती.

बाहेर जिन्यावर वैभवच्या चपलांचा आवाज. आई ताडकन उठल्या. "अगो, त्याला आत घेऊ नको इतक्यात! मला हे बदलू दे आधी."

मनवा दाराशी गेली. लोखंडी कडी लागलेलीच होती, तरी तिनं तिच्यावर हात दाबून धरला. वैभवनं दार ढकललं, पुन्हा ढकललं. नलूमावशींचं काहीतरी पुटपुटणं. मग त्याचा आवाज, घाबरलेला, मोठा, पुलावरचा. "दार का लावलंय? कोण आहे आत?"

"आम्ही!" मनवा ओरडली.

सगळ्या गॅलरीला ऐकू गेलं. या खोलीत इतक्या मोठ्यानं ती आजवर बोलली नव्हती. तिचा तिलाच आवाज ओळखू येईना. मागे आई बांगड्या वाजवत, हसू दाबत साडीच्या निऱ्या घालत होत्या. आता उघडावं, त्याला आत घ्यावं, शनिवारचं काय ते बोलावं… सगळं कळत होतं तिला. पण कडीवरचा हात काही केल्या काढवेना.