व्हर्लनच्या घरचा उजेड

आमच्या केंटकीच्या डोंगरात तुटून पडलेल्या विजेच्या तारेबद्दल व्हर्लनइतकं कुणालाच कळत नाही, असं निदान व्हर्लनचं मत होतं. चर्चच्या जेवणात बीन्स वाढून होतात न होतात, तोच हा खुर्च्या बाजूला सारून सुरू व्हायचा. तार गाडीवर पडली तर आतच बसून राहायचं. गाडी पेटलीच तर दोन्ही पाय जोडून लांब उडी मारायची, आणि गाडीला न् जमिनीला एकाच वेळी शिवायचं नाही. मग उडी मारूनही दाखवायचा. सत्तरीचा माणूस बेडकासारखा उड्या मारतोय म्हटल्यावर आम्ही हातातले घास तसेच धरून बघत बसायचो.

या फेब्रुवारीत पाऊस पडता पडता गोठला, झाडं मोडली आणि अख्खं खोरं अंधारात गेलं. उजेड फक्त व्हर्लनकडे. शेडमध्ये जनरेटर धडधडत होता आणि हा खिडकीत बसून आमची कीव करत होता.

दुपारी त्याची बायको लुएला चर्चमधल्या म्हाताऱ्यांना सूप देऊन परतली. फाटकाशी पोचते तोच खांबावरची तार तुटली आणि तिच्या गाडीच्या टपावर पडली. मी समोरच राहते. घसरत, धडपडत बाहेर आले.

"थांब तिथंच!" व्हर्लन दारातून माझ्यावर खेकसला. "दोन बसगाड्यांइतकी लांब राहा! आणि लुएला, दाराला हात लावशील तर खबरदार!"

"अरे, सगळीकडचे लाइट गेलेत!" ती काचेआडून ओरडली. "काय असणार त्या तारेत?"

"असंच म्हणणारे मरतात! बस गप!"

तिनं कपाळावर हात मारला, पण बसून राहिली. मी तिथूनच वीज कंपनीला फोन लावला. या रस्त्यावर मला जिवाभावाची अशी ती एकटीच.

वीज कंपनीचा वायरमन केंड्रिक आला. "ही लाइन आम्ही सकाळीच बंद केलीय," म्हणाला, पण नियम म्हणून लांब काठीचा टेस्टर तारेजवळ नेला. टेस्टर कोकलायला लागला. केंड्रिक झटकन मागे सरला, आणि मग त्याचं लक्ष त्या उजळलेल्या खिडकीकडे गेलं.

"काका, जनरेटर कुठं जोडलाय?"

"कपडे वाळवायच्या मशीनच्या प्लगात. वायर मीच बनवलीय, दोन्ही टोकांना पिना!"

"आणि मेन स्विच?"

"चालू. बंद केला तर लाइट आलेले कळणार कसे?"

केंड्रिकनं खांबाकडे बोट दाखवलं. "अहो, तुमची वीज घरातून उलटी खांबावर चाललीय. ट्रान्सफॉर्मर तिला हजारो व्होल्टची करून याच तारेत सोडतोय. पळा, आधी बंद करा ते!"

व्हर्लन पडत-झडत शेडकडे गेला. धडधड थांबली. केंड्रिकनं पुन्हा तपासलं, तारेला अर्थिंग दिलं आणि काठीनं ती टपावरून बाजूला केली.

लुएला उतरली. खाली बर्फ होता, म्हणून मी तिला धरलं. तोवर व्हर्लन परतला होता आणि त्याची छाती पुन्हा फुगली होती.

"बघितलंस? माझं ऐकलंस म्हणून वाचलीस!"

"वाचले खरी," लुएला म्हणाली. थंडीनं तिचे दात वाजत होते. "पण मला मारत कोण होतं रे?"

व्हर्लन खांबाकडे बघू लागला.

ती माझ्याकडे वळली. "तुझ्याकडे लाइट नाहीत ना?"

"नाहीत गं."

"मग आज तुझ्याकडेच झोपते."