भिंतीतला कान

ड्रमफेर्न गढीच्या म्हाताऱ्या मालकाचे आभार मानणं म्हणजे महाकर्मकठीण. कुणी 'थँक यू' म्हणायला तोंड उघडलं की ह्याला लगेच काहीतरी काम आठवतं. आणि उद्या तो गढी विकून एडिनबरोला बहिणीकडे राहायला जाणार होता. मला आजच बोलायला हवं होतं.

माझा नवरा टॅम गेला तेव्हा मी नुसती घुम्यासारखी बसून असायचे. म्हाताऱ्याने मला पाहुण्यांना गढी दाखवायचं काम दिलं आणि स्वतः शिकवलं. चारशे वर्षांपूर्वी शेजाऱ्यांशी हाडवैर, म्हणून भिंती एवढ्या जाड. गोल जिन्यातली एक पायरी मुद्दाम उंच, चोरून शिरणारा अडखळावा म्हणून. पहिल्या दिवशी मीच तिथे आपटले.

"छान. आता विसरणार नाहीस," म्हणाला.

त्या दगडांबद्दल बोलता बोलता मी पुन्हा माणसांत आले. याचे आभार मानायचे नाहीत तर कशाचे?

खालच्या दिवाणखान्यात फायरप्लेसशेजारी भिंतीत एक भोक आहे. ते वर मालकाच्या खोलीत निघतं. पाहुणे खाली कसले कट शिजवतायत ते जुने मालक वर बसून ऐकायचे. त्याला आम्ही मालकाचा कानच म्हणतो. म्हातारा वर सामान बांधत होता. मी भोकाशी तोंड नेलं.

"ड्रमफेर्न," मी हाक मारली. आमच्याकडे गढीच्या मालकाला त्याच्या जमिनीच्याच नावाने हाक मारतात. "आता पळून दाखवा. तुमच्यामुळे मी सावरले. फार फार आभारी आहे मी. झालं बोलून."

मग भिंत खाकरली.

"एफी, हे भोक ऐकायला ठेवलंय, बोलायला नाही."

"मग ऐका की गुपचूप."

वर ट्रंकेचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला.

"विक्रीच्या कागदावर सही करताना काही वाटलं नाही गं. पण जमीन गेली की नावही जातं. उद्यापासून तो नवा माणूस ड्रमफेर्न. आणि मी नुसता मिस्टर प्रिंगल."



"मिस्टर त्याला म्हणेन मी," मी म्हटलं. "ड्रमफेर्न तुम्हीच."

"परत म्हण."

"आभार?"

"नाही गं. नाव."

मी म्हटलं.