कादंबरीतलं नसलेलं पान

रूपालीने लिहिलेली गोष्ट ऐकून झाली आणि आई पुन्हा मेथी निवडायला लागली. पोरीचा जीव अर्धा झाला.

सत्त्याण्णव साल होतं. रूपालीचे वडील, नाना, एम-एटी गाडीवर झेंडूच्या पाट्या बांधून मखमलाबादहून फुलबाजाराला निघाले आणि शहरातल्या द्वारका चौकात ट्रकखाली गेले, त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून आईने, नवसाबाईने, त्यांचा विषय एकदाही काढला नव्हता. ती रडलीही नव्हती. अशीच आतल्या आत कुढून आपली आईही जाईल, ही धास्ती रूपालीने घेतली होती. निदान नानांवरची गोष्ट ऐकून तरी ती बोलेल, म्हणून हा खटाटोप. गोष्टीत आभाळ फाटलं होतं, काळजाचे तुकडे झाले होते, अश्रूंचा तर पूर आला होता. लेखिकाबाईंनी काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"टीव्हीत असतं तसं हाय," आई एवढंच म्हणाली.

वाचनालयातल्या सुमनबाईंना रूपालीने हे सांगितलं, तेव्हा त्यांनी एक जुनी, गाजलेली कादंबरी तिच्या हातात ठेवली. "नुसती वाचू नकोस. कसं केलंय ते बघ."

कादंबरीतल्या एका बाईचा मुलगा नदीत वाहून जातो. ते प्रकरण वाचून रूपाली ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन बसली. बाईने फोडलेला हंबरडा लेखकाने कोणत्या शब्दांत लिहिलाय, ते तिला बघायचं होतं. हंबरडा काही सापडेना. बाई पीठ मळते. पाणी जास्त होतं म्हणून पीठ घालते, पीठ जास्त होतं म्हणून पाणी. परात भरत जाते आणि प्रकरण संपतं.

रूपाली तडक वाचनालयात. "बाई, यातलं पान फाडलंय कुणीतरी."

पानं फाडून नेणारे महाभाग आपल्याकडे काही कमी नाहीत, तेव्हा तिचंही चुकलं नाही. सुमनबाईंनी दुसरी प्रत काढून दिली. तिच्यातही परातच.

"दरवर्षी कुणीतरी ते पान मागायला येतं," त्या म्हणाल्या. "ते लिहिलेलंच नाही गं."

तो हंबरडा रूपालीने कानांनी ऐकला होता. लेखकाने नुसती जागा सोडली होती आणि तो तिच्याच आतून आला होता. माणसाला हे सुचतं तरी कसं, या विचारात ती चालत घरी पोचली. बसची आठवणही झाली नाही.

रविवारी तिने गोष्ट पुन्हा लिहिली. आभाळ, काळीज, पूर सगळं काढून टाकलं. उरलं ते एवढंच: नाना गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने नेहमीसारखा झेंडू तोडला, पाट्या भरल्या, वर ओलं फडकं घातलं आणि फाटकाशी नेऊन ठेवल्या. न्यायला कुणी नव्हतं. दुपारी पाट्यांवर ऊन आलं.

आई ऐकत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, "किक मारली आन् वळून बोलले, 'भरीत कर, आलोच.' ते लय बरोबर लिवलंस बघ. तेवढं परत वाच." तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

रूपालीने कागदाकडे पाहिलं. त्यावर तसं काहीच नव्हतं. नाना निघाले तेव्हा ती झोपेत होती.