चार ढगाळ रात्री

डॉ. रुपरावांनी पोह्यांवरच्या तर्रीने लाल झालेलं बोट छापील आलेखावर टेकवलं. कागदावर तेलाचा डाग पसरला.

"पाह्य, बारा तारखेले गॅमा किरणांचा भडका. त्याच दिवशी दृश्य प्रकाश वाढला. दोन्ही संगंच. वीस वर्षांपासून मी हेच सांगून राहिलो."

दामिनी आलेखाची उजवी बाजू पाहत होती. एकोणीस ते बावीस नोव्हेंबर, या चार रात्रींचे ठिपके तिथे नव्हते. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: आकाश ढगाळ.

त्या चारही रात्री खगोलशास्त्र विभागाच्या पारशिवनीजवळच्या दुर्बिणीवर ती स्वतः होती. अब्जावधी प्रकाशवर्षांपलीकडच्या एका दीर्घिकेतलं कृष्णविवर, त्यातून सुटलेला झोत नेमका पृथ्वीच्या रोखाने. असा तो ब्लेझार. बारा तारखेला त्याचा दृश्य प्रकाश जेमतेम वाढला होता. खरा भडका सात दिवसांनी उडाला, आणि तो तिने पाहिला होता.

"सर, आभाळ साफ होतं. मी होती तिथे."

"काहून टेन्शन घेऊन राहिली वं? चार ठिपके तर आहेत. त्यायच्यापायी वीस वर्षं पाण्यात घालू?" सर हसले. दातांत कोथिंबीर अडकली होती. "निबंधावर दुसरं नाव तुझंच टाकलं ना!"

तिने सरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडे, अपूर्वकडे पाहिलं. आलेख त्यानेच काढला होता. तो मान खाली घालून चमच्याने पोहे चिवडत राहिला.

दामिनीने छापील आलेख सरांकडे सरकवला.

"माझं नाव काढा, सर."

सरांनी लॅपटॉपवर निबंध उघडून त्याच लाल बोटाने कळ दाबून धरली. तिच्या नावाचं एकेक अक्षर पुसलं गेलं.

"झालं," म्हणत त्यांनी प्लेट पुढे ओढली.

जिना उतरताना तिला क्षणभर हलकं वाटलं. आणि त्या हलकेपणाचीच तिला किळस आली. नाव गेलं होतं, खोटं तसंच राहिलं होतं.

खालच्या बाकावर बसून तिने लॅपटॉप उघडला. याच ब्लेझारचा अवरक्त प्रकाश मोजणाऱ्या पुण्याच्या गटातली मिनल या निबंधात सहलेखक होती. चारही रात्रींची मोजमापं दामिनीने तिला पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली: ढग नव्हते.

दहा मिनिटांत मिनलचा फोन आला.

"दामिनी, आमच्याकडेही एकोणीस तारखेपासून भडका दिसला होता."

"मग निबंधात का नाही?"

"तुझे सर म्हणाले, आमच्याच कॅमेऱ्यात दोष असणार. आम्ही तो महिनाभर खोलून बसलो. काहीच सापडलं नाही, म्हणून सगळ्यांनी ऋषिकेशलाच धरलं. कॅमेरा तो सांभाळायचा." मिनल थांबली. "जानेवारीत त्याने काम सोडलं."

वरच्या मजल्यावरून सरांचं हसणं ऐकू आलं.

"म्हणजे कॅमेरा चांगला होता?" मिनलने हळूच विचारलं.

"हो."

मिनलने पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"ऋषिकेशला मी सांगू, की तू सांगतेस?"

दामिनीने पेन काढलं.

"नंबर दे," ती म्हणाली.